एकच पान, दोन प्रश्न: उतारी आणि इशाऱ्यांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. चार ओळीत उत्तर द्यायला बसलो होतो पण ते वाढत वाढत एवढं झालं, म्हणून वेगळंच टाकतोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रिजमध्ये डिफेन्सची (कॉन्ट्रॅक्ट पाडायला बघणाऱ्या जोडीची) उतारी, म्हणजे डावातलं पहिलं पान, आणि इशारे, म्हणजे टाकलेल्या पानातून पार्टनरला दिलेली माहिती, हे पार्टनरबरोबर आधी बसून ठरवून घ्या असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं की हे इशारे पार्टनरपेक्षा डिक्लेररच्याच (कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याच्याच) जास्त उपयोगी पडतात, दोघांनी आपसात ठरवलेली असली भाषा म्हणजे सभ्य शब्दात चिटिंगच, आणि जुने दर्दी लोक असलं काही न करता नुसत्या डोक्याने खेळायचे. वर पुरावा म्हणून स्वतःचा एक डावही दिलाय. तर त्या डावापासूनच सुरू करतो, कारण माझ्या मते तुम्ही तुमच्याच विरुद्धचा पुरावा आणून दिलाय!

कॉन्ट्रॅक्ट चार बदाम, म्हणजे हुकूम बदाम आणि डिक्लेररला तेरापैकी दहा हात करायचेत. तुमच्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, नव्वी, पंजी. तुम्ही एक्का उतरलात, डमीत (डिक्लेररच्या पार्टनरच्या उघड्या पानांत) राणी, छक्की, तिर्री दिसली, पार्टनरने अठ्ठी टाकली. तुम्ही खूश, राजा वाजवला, पार्टनरची दुर्री आली, डिक्लेररचा गुलाम पडला. मोठं पान मग छोटं, म्हणजे पार्टनरकडे दोनच पानं, आता तो हुकमाने मारणार असं धरून तुम्ही तिसऱ्यांदा इस्पिकच खेळलात. पार्टनरने शांतपणे सत्ती दिली, डमीची राणी हात घेऊन गेली, तिच्यावर डिक्लेररने हातातलं एकुलतं एक किल्वर फेकून दिलं आणि पार्टनरचा किल्वरचा एक्का जागच्या जागी मेला. हुकमाचा एक हात तुमचा होणारच होता, म्हणजे एकने पडणारं कॉन्ट्रॅक्ट झालं.

आता पार्टनरची पानं बघा. दश्शी, अठ्ठी, सत्ती, दुर्री. चार पानं, सम संख्या, म्हणून त्याने आधी मोठं मग छोटं टाकलं. त्याच्या हिशोबाने त्याने अगदी बरोबर केलं, तो 'किती आहेत' याचं उत्तर देत होता. तुम्ही मात्र त्या अठ्ठीत 'हवंय का, परत खेळू का' याचं उत्तर वाचलंत. दोघंही शहाणे, दोघांचाही इशारा पुस्तकात सापडेल, फक्त प्रश्न वेगळे. यात इशाऱ्यांचा काय दोष? पार्टनरच्या एक्क्यावर आधी आवड (तो रंग हवाय की नको) सांगायची एवढंच ठरलेलं असतं तर त्याने पहिल्याच हाताला दुर्री टाकली असती आणि इस्पिकमध्ये काही नाही हे कळून तुम्ही किल्वरकडे वळला असतात. बरेच जण तर एक्का-राजा दोन्ही असताना एक्का उतरला तर आवड सांग, राजा उतरला तर संख्या सांग, असंच ठरवतात. म्हणजे उतरणाराच प्रश्न विचारतो. मला तरी ही सगळ्यात फायद्याची बोलणी वाटतात, आणि लोक नेमकं हेच सोडून बाकी सगळं ठरवत बसतात, छोटं पान म्हणजे हो की मोठं पान म्हणजे हो यावर तासभर वाद घालतील पण कुठल्या वेळी कुठला प्रश्न चालू आहे हे मात्र बोलणार नाहीत. (छोटं पान म्हणजे हो, ही उलटी पद्धत मला स्वतःला थोडी बरी वाटते, कारण हो म्हणायला नव्वी-दश्शी खर्ची घालावी लागत नाही. पण ती खेळत असतात तरी तुमचा हा डाव वाचला नसता.)

आता डिक्लेररला फायदा होतो हा मुद्दा. काही अंशी खराच आहे. एखाद्या रंगाची राणी तुमच्याकडे तीन पानात लपलेली आहे, डिक्लेरर ती कुठे असेल याचा विचार करतोय, आणि तुम्ही इमानदारीत संख्या सांगत बसलात तर तुम्ही त्याचंच काम करताय. तिथे गप्प बसायचं, हाताला येईल ते छोटं पान टाकायचं. पण 'कधीकधी गप्प बसावं' यावरून 'कधीच बोलू नये' कसं काय निघतं?

उलटं उदाहरण घ्या. नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नसलेला डाव. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी, आणि डमीत जायला दुसरा रस्ता नाही. एक्का पार्टनरकडे. त्याने तो कधी घ्यायचा? डिक्लेररकडे चौकट तीन असतील तर तिसऱ्या फेरीला, दोन असतील तर दुसऱ्याच. लवकर घेतला तर डिक्लेररकडे डमीत जायला अजून एक चौकट शिल्लक, उशिरा घेतला तर फुकटचा एक हात दिला. हे त्याला कसं कळणार? तुमच्या पानांवरून. तुमच्याकडे अठ्ठी-तिर्री असेल तर आधी अठ्ठी, मग तिर्री, त्याच्याकडे स्वतःची तीन, डमीत पाच, म्हणजे डिक्लेररकडे तीन. आणि डिक्लेररला यातून काय नवीन कळलं? काहीच नाही. त्याला स्वतःची चौकट किती आहेत ते पहिल्यापासून माहीत आहे, एक्का कधी येणार हे ठरवणं त्याच्या हातात नाही. अडकून पडलेली डमी असते ती डिक्लेररसाठी, आणि डिफेन्सने संख्या दिली नाही तर तीच फुलते.

उतारीचंही तेच. तीन नो ट्रम्पला पार्टनरने लांब रंगातलं वरून चौथं पान उतरलं, समजा सत्ती. अकराच्या नियमाने अकरातून सात गेले चार, म्हणजे सत्तीपेक्षा मोठी चार पानं बाकीच्या तिघांकडे मिळून. डमीत राणी, अठ्ठी, तिर्री, तुमच्याकडे राजा, दश्शी, दुर्री. झाली की चार! डिक्लेररकडे सत्तीवरचं एकही पान नाही. डमीतून तिर्री आली तर तुम्ही दश्शी लावा, हात तुमचाच, मग राजा वाजवा, मग दुर्री, आणि पार्टनरच्या एक्क्याखाली डमीची राणी सापडते. 'तिसऱ्याने मोठं लावावं' म्हणून पहिल्याच हाताला राजा खर्च केलात तर पुढे काहीही करा, डमीची राणी एक हात घेतेच. बरं, डिक्लेररलाही हीच वजाबाकी येते, मान्य. पण त्याला कळून तो करणार काय, हातात पानं तर नाहीत. मात्र हा हिशोब चालायला उतारी चौथं पानच आहे हे पक्कं हवं. तिसरं-पाचवं पान उतरायची पद्धत असेल तर तिसऱ्यासाठी बारातून वजा करायचं आणि पाचव्यासाठी दहातून, आणि 'कधी हे कधी ते, बघू' असं चालू असेल तर वजाबाकीच करू नका, सरळ राजा लावा.

तुमचे 'जुने दर्दी' म्हणाल तर त्यांनीच हे सगळं सुरू केलं. हा अकराचा नियम कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्मायच्या आधीचा, व्हिस्टच्या (ब्रिजच्या पूर्वज खेळाच्या) जमान्यातला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फॉस्टरने मांडलेला. त्याच्याही आधी व्हिस्टमध्ये आधी मोठं मग छोटं पान टाकून पार्टनरला हुकूम खेळ म्हणून सांगायची खूण होती, तिला ब्लू पीटर म्हणायचे. ती लॉर्ड हेन्री बेंटिंकने काढली म्हणतात, आणि नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला असंही सांगतात, कारण त्या खुणेमुळे साधे खेळाडूही बरे खेळायला लागले आणि याची स्वतःची आघाडी गेली! म्हणजे तुमची तक्रार जुनीच आहे, फक्त ती करणारा माणूस इशाऱ्यांचा उपयोग होतो म्हणून वैतागला होता.

चिटिंगचा शब्द मात्र मला खटकला, त्यामुळे जरा स्पष्टच लिहितो. ब्रिजच्या कायद्यात, 73 क्रमांकाच्या नियमात, पार्टनरशी संवाद फक्त बोली आणि पानं यांतूनच करायचा असं लिहिलंय. पानांतून बोलायला बंदी नाही, पानांशिवाय दुसऱ्या कशातून बोलायला बंदी आहे. थांबून विचार केल्याचं नाटक, पान आपटणं, सुस्कारे, भुवया, हे चालत नाही. आणि 40 क्रमांकाचा नियम सांगतो की तुमचं आपसात जे काही ठरलंय ते विरोधकांना कळलं पाहिजे. म्हणूनच कन्व्हेन्शन कार्डावर, म्हणजे जोडीने ठरवलेलं लिहायच्या कार्डावर, उतारी आणि इशाऱ्यांसाठी जागा असते, म्हणूनच डिक्लेरर तुमच्या पार्टनरला विचारू शकतो की या पानाचा अर्थ तुमच्यात काय, आणि त्याने खरं सांगायचं असतं. चिटिंग म्हणजे 1975 च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत टेबलाखालून पायाने पाय दाबल्याचं प्रकरण झालं ते. चिटिंग म्हणजे 2015 मध्ये उघड झालेलं ते, जिथे एक जोडी बोर्ड (वाटलेली पानं ठेवायचा ट्रे) टेबलावर कुठे ठेवायचा यावरून कुठला रंग उतर ते सांगत होती, आणि युरोपियन ब्रिज लीगने त्यांच्यावर बंदी घातली. विचार करा, इतक्या वरच्या पातळीवरच्या लोकांनी नेमकी उतारी सांगायलाच ही जोखीम घेतली, यावरून पहिल्या पानाची किंमत कळते. पण तुमच्या पार्टनरने चौघांच्या डोळ्यांदेखत टाकलेली अठ्ठी, जिचा अर्थ कार्डावर लिहिलाय, ती आणि हे एका ओळीत बसवू नका हो.

नवशिक्यांवर ओझं टाकू नये हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते मात्र पटलं. पार्टनरच्या उतारीवर आवड, डिक्लेरर स्वतः रंग खेळायला लागला की गरज असेल तिथे संख्या, आणि पार्टनरला हुकमाने मारायला रंग दिला की परत कुठल्या रंगाने यायचं ते, म्हणजे दिलेलं पान मोठं तर उरलेल्या दोनातला वरचा रंग, छोटं तर खालचा. 1934 मध्ये लॅव्हिन्थलने मांडलेली ही तिसरी गोष्ट, आणि तिचा मोह फार वाईट. एकदा शिकलं की लोकांना प्रत्येक दुर्रीत किल्वरचं आमंत्रण दिसायला लागतं. पहिली दोन उत्तरं आधीच माहीत असतील किंवा निरर्थक असतील तेव्हाच तिसरं वाचायचं.

शेवटी तुम्ही थोडं खवचटपणे विचारलंय, 'मग स्मिथ पण शिकवणार का?' स्मिथ म्हणजे नो ट्रम्पमध्ये डिक्लेररने पहिल्यांदा स्वतःचा रंग काढला की त्या रंगात आधी मोठं मग छोटं टाकून 'आपली पहिली उतारी चांगली होती, तीच पुढे चालव' असं सांगायचं. चांगली गोष्ट आहे, मी खेळतो. पण वरचा चौकटचा डाव परत बघा. तिथे अठ्ठी-तिर्री म्हणजे दोन पानं आहेत की उतारी आवडली? दोन्ही एकदम नाही सांगता येत. म्हणून आमच्यात ठरलेलं असं की डमीत लांब रंग आहे आणि तिथे जायला दुसरा रस्ता नाही, तर स्मिथ बंद, संख्याच. हे ज्या जोडीचं बोलणं झालेलं नाही त्यांनी स्मिथ खेळूच नये.