वेदीशेजारचा ध्वज कितपत जुना?

चर्चमधल्या राष्ट्रध्वजाबद्दल एक संदेश सध्या बराच फिरतोय: "वेदीशेजारी राष्ट्रध्वज हा दोन हजार वर्षांचा वारसा आहे. बायबलच सरकारच्या अधीन राहायला सांगतं. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. हरकत घेणारा देशाचा वैरी."

दोन हजार वर्षं? आपण ज्याला राष्ट्रध्वज म्हणतो ती वस्तूच अलीकडच्या काही शतकांतली. अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये तर तो आला विसाव्या शतकातल्या महायुद्धांच्या काळात. जुना वारसाच हवा असेल, तर इ. स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र बघा. पकडलेला माणूस ख्रिस्ती नाही हे ओळखायची त्याची खूण सोपी होती: सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा, ख्रिस्ताला शाप द्यायचा. खरा ख्रिस्ती हे करत नाही, असं त्याने ऐकलं होतं.

अधीनतेची आज्ञा बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायातली. तिथे कर द्या, मान द्या असं आहे. उपासनेत वाटा द्या असं नाही. आणि बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातलं 5:29? माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी, हे वचन अशा संदेशांत सहसा सापडत नाही.

आता "काही बिघडत नाही" याचं बघू. जर्मनी, 1933. जुलैच्या चर्च निवडणुकांत नाझी धोरणाच्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाला मोठं बहुमत मिळालं. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना पदावरून दूर करणारा नियम स्वीकारला. बाप्तिस्मा झालेला, दीक्षा मिळालेला पाळक. पण वंश चुकीचा! नोव्हेंबरात बर्लिनच्या जाहीर सभेत याच गटाच्या एका पुढाऱ्याने जुना करारच, म्हणजे बायबलचा ज्यूंकडून आलेला पहिला भागच, काढून टाकायची मागणी केली. दोन-अडीच महिन्यांत गोष्ट पाळकांवरून पवित्र शास्त्रावर गेली. आणि हे सगळं ठराव करून, मतं मोजून.

राहिला वैऱ्यांचा मुद्दा. मे 1934 मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे जमलेल्या, या गटाला विरोध करणाऱ्या चर्चच्या लोकांनी ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कुणाचा शब्द चर्चवर चालणार नाही, असं जाहीर केलं. त्यांच्यात मार्टिन नीमोलर होते. पहिल्या महायुद्धातले पाणबुडीचे कमांडर, आधी नाझींनाच मत दिलेले. त्यांची देशभक्ती कुणी कशी मोजणार? 1937 मध्ये त्यांना अटक झाली आणि सुटका झाली ती 1945 मध्ये.