रस्त्यात नको, रस्त्याकडेला लावा

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ. काळाभोर गुळगुळीत रस्ता, त्यात बसवलेली सोलर पॅनेल्स, वरून सुसाट जाणारी गाडी आणि खाली 'फ्रान्सने करून दाखवलं, आपण कधी?' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. अरे, निम्मे इंजिनीअर आहात ना रे तुम्ही?

फ्रान्सने काय करून दाखवलं ते तरी बघा. नॉर्मंडीत २०१६ च्या डिसेंबरमध्ये असा एक किलोमीटर रस्ता केला, तब्बल ५० लाख युरो घालून. पॅनेल्स आडवी पडलेली, सूर्याकडे कलणार कशी? वर झाडांचा पाला आणि ट्रॅक्टरांची चाकं. आवाज इतका, की वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटरवर आणावी लागली. ठरवली होती त्याच्या निम्मीही वीज मिळेना. २०१९ पर्यंत सगळा फज्जा. आणि आपण, ज्यांचं डांबर एक पावसाळा धड काढत नाही, आता रस्त्यात काच अंथरणार!

मी एवढा का चिडतोय? गावाकडच्या दादामुळे. विदर्भात आमची थोडी शेती, माझा चुलत भाऊ कसतो. त्यातला एक तुकडा महामार्गाच्या इंटरचेंजमध्ये, म्हणजे गाड्या चढायच्या-उतरायच्या वळणरस्त्यांच्या जागेत, गेला. मोबदला चांगला मिळाला, नाही म्हणत नाही. पण त्या वळसे घेणाऱ्या रस्त्यांच्या मधे जी काळीशार जमीन अडकली ना, तिच्यावर आज गाजरगवत माजलंय. कुंपणाच्या अलीकडे दादाचा हरभरा. आणि पंप चालवायला लागणारी थ्री फेज लाइन त्याच्या पाळीला येते रात्री. ऐन थंडीत हा माणूस मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन स्प्रिंकलरचे पाइप बदलत फिरतो. रानडुकरांची भीती वेगळीच. वहिनी जागीच असते.

तिथे पॅनेल्स का नाहीत? जमीन आधीच घेतलेली आहे, रस्ता दाराशी आहे, विहिरींवरच्या मोटारी शेजारी आहेत. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आणि मोठ्या इंटरचेंजच्या पोटात तेवढी जागा सहज निघते.

हे स्वप्न नाही बरं का. समृद्धीवर कारंजा लाडच्या इंटरचेंजला ५ मेगावॅट उभे राहिलेत. दिल्लीबाहेरच्या १३५ किलोमीटरच्या ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवेवर २०१८ मध्येच ४ मेगावॅटचे प्रकल्प आले. हैदराबादने आउटर रिंग रोडलगत २३ किलोमीटरच्या सायकल ट्रॅकवर छप्परच पॅनेल्सचं घातलं, १६ मेगावॅट. खाली सायकलवाल्यांना सावली, वर वीज. स्वित्झर्लंडने तर १९८९ मध्ये रस्त्याकडेच्या आवाज अडवणाऱ्या भिंतीवर पॅनेल्स चढवली होती. १९८९! तेव्हा आम्ही अर्ध्या चड्डीत होतो.

बरं, दुसऱ्या बाजूला सरकार सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शेतकऱ्यांची जमीन भाड्याने घेतंय, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. योजना चांगली आहे, शेतीपंपांना दिवसा वीज देणं हाच तिचा हेतू आहे, माझा विरोध नाही. पडीक जमीन असेल तर भाडं मिळतंय, घ्यावं. पण आधी घेतलेल्या जमिनीत गवत उगवतंय आणि आपण नवी जमीन शोधतोय, हे बघून डोकं फिरतं.

हो, माहितीये. गाडी घसरून पॅनेल्सवर जाईल, चालकाच्या डोळ्यांवर चकाकी येईल, धूळ धुवायला पाणी लागेल, केबल चोरीला जाईल, उद्या रस्ता रुंद करायचा झाला तर सगळं उपटावं लागेल. खरं आहे. म्हणून बॅरिअरपासून लांब लावा, दिशा बघून लावा. दुभाजकात पवनचक्क्या लावणाऱ्यांनी मात्र मला शिकवू नये. ती हवा गाड्याच ढकलतात, डिझेल जाळून.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तिथं लाव नाहीतर चंद्रावर लाव, लाइन फक्त दिवसा दे." खरं तर अट तीच असायला हवी. इंटरचेंजमधली वीज टोलनाक्याचे दिवे लावून संपवू नका. जवळच्या सबस्टेशनला जोडा आणि तिथल्या शेतीच्या फिडरला, म्हणजे पंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा द्या. ज्यांची जमीन गेली त्यांच्या विहिरीपर्यंत पोचू दे की.

मित्रयादीत रस्त्याच्या कामात असलेले काही जण आहात, मला माहीत आहे. इंटरचेंजमधली मोकळी जागा सौर प्रकल्पाला द्यायची तर ग्रामपंचायतीने अर्ज कुठे करायचा, कोणाच्या सहीने पुढे जातं, ते खाली लिहा. दादाला पाठवतो. आणि तो फ्रान्सचा व्हिडिओ इथे कोणी टाकला तर सरळ ब्लॉक करणार आहे.