नेहरू-चर्चिल एका वर्गात? हॅरोच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

हॅरो या इंग्लंडमधल्या निवासी शाळेबद्दल एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: नेहरू आणि चर्चिल तिथे वर्गमित्र होते, चर्चिल तिथे तीनदा नापास झाले, पुढे पंतप्रधान म्हणून तिथेच आले आणि 'कधीही हार मानू नका' एवढंच बोलून खाली बसले, तिथल्या शिक्षणाने सात ब्रिटिश पंतप्रधान घडवले, आणि ही शाळा पहिल्यापासून राजेरजवाड्यांची. खाली 'हॅरोचे मानकरी' म्हणून बायरनपासून ट्रॉलपपर्यंत नावं. नावं बरोबर आहेत. बाकी बराच घोळ आहे.

१. नेहरू आणि चर्चिल वर्गमित्र होते

चर्चिलांचा जन्म १८७४चा, नेहरूंचा १८८९चा. चर्चिल एप्रिल १८८८मध्ये हॅरोत आले आणि डिसेंबर १८९२मध्ये बाहेर पडले. नेहरू दाखल झाले १९०५मध्ये, तेव्हा चर्चिलांना खासदार होऊन पाच वर्षं होत आली होती.

मग ही गोष्ट आली कुठून? बहुधा 'हाउस' या शब्दातून. हॅरोत मुलाची खरी ओळख वर्गाने नव्हे, हाउसने होते. राहणं, झोपणं, खेळाचा संघ सगळं हाउसचं. हे दोघंही हेडमास्तरांच्या हाउसमधले. चर्चिल आधी एका छोट्या हाउसात होते, मग इथे आले. 'एकाच हाउसचे' याचं 'एकाच वर्गातले' व्हायला फार वेळ लागत नाही. पण हाउस तेच असलं तरी हेडमास्तर बदललेले होते. चर्चिलांच्या वेळी वेल्डन, नेहरूंच्या वेळी जोसेफ वुड. वेल्डन तर १८९८मध्येच शाळा सोडून कलकत्त्याचे बिशप झाले होते.

असा दावा तपासायची रीत सोपी आहे. या शाळांत मुलगा साधारण तेराव्या वर्षी येतो आणि अठराव्या वर्षी जातो. आधी दोघांची जन्मसालं वजा करा. फरक पाचाच्या वर गेला की दावा सोडून द्या. पाचाच्या आत असेल तर दोघं कधी आले आणि कधी गेले ते बघा, आणि सगळ्यात शेवटी हाउस. लोक नेमके उलटे जातात, हाउसपासून सुरुवात करतात आणि फसतात. नुसत्या जन्मसालावर होकारही देऊ नये: नेहरू उशिरा, जवळजवळ सोळाव्या वर्षी आले आणि जेमतेम दोन वर्षं राहून १९०७मध्ये केंब्रिजला गेले. त्यांच्या हाउसात सयाजीराव गायकवाडांचे एक चिरंजीव होते, क्रिकेटमुळे मुलांत लोकप्रिय. नेहरू आले आणि थोड्याच दिवसांत हे चिरंजीव शाळा सोडून गेले. 'नेहरूंचे हॅरोतले सोबती' म्हणायचं तर आधी हे नाव घ्यायला हवं, पण मजकुरात ते नाही.

चर्चिलांचा शाळासोबती हवाच असेल तर तो लिओ एमरी, जन्म १८७३, गोरखपूर. शाळेच्या 'डकर' नावाच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर टॉवेल गुंडाळून उभा असलेला एक बुटका मुलगा बघून चर्चिलांनी त्याला मागून पाण्यात ढकललं. तो लहान वर्गातला असेल असा अंदाज होता. निघाला वरच्या वर्गातला, आपल्या हाउसचा प्रमुख आणि अंगाने चांगला दणकट. त्याने पाठलाग करून चर्चिलांनाच खोल पाण्यात फेकलं. दुसऱ्या दिवशी माफी मागताना चर्चिल सांगायला गेले की तू इतका लहान दिसतोस म्हणून चूक झाली. ते लागू पडेना, तेव्हा घाईने पुस्ती जोडली की माझे वडीलही बुटकेच आहेत, आणि ते थोर गृहस्थ आहेत.

हाच एमरी १९४० ते १९४५ चर्चिल मंत्रिमंडळात भारतमंत्री होता. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. म्हणजे कैदी हॅरोचा, भारतमंत्री हॅरोचा आणि पंतप्रधानही हॅरोचा. खरी गोष्ट ही असताना वर्गमित्राची कथा रचायची गरजच काय होती, कळत नाही.

२. चर्चिल हॅरोत तीनदा नापास झाले

दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. हॅरोत ते तळाच्या वर्गात होते हे खरं. तिथे मुलाची वर्गवारी मुख्यतः लॅटिन-ग्रीकवर व्हायची आणि लॅटिनशी त्यांचं कधी जमलं नाही. त्याच शाळेत त्यांनी मेकॉलेच्या कवितेच्या १२०० ओळी एकही चूक न करता म्हणून बक्षीस मिळवलं आणि १८९२मध्ये पब्लिक स्कूल्सची (म्हणजे हॅरोसारख्या खाजगी शाळांची) तलवारबाजीची स्पर्धा जिंकली.

'तीनदा' हा आकडा सँडहर्स्ट या लष्करी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा. तिथेही नापास दोनदा, तिसऱ्यांदा १८९३मध्ये पास, आणि तेही हॅरो सोडल्यावर लंडनच्या एका खाजगी क्लासमध्ये घोकंपट्टी करून. गुण पायदळाला पुरले नाहीत, घोडदळाला पुरले. घोडदळात घोड्यांचा खर्च घरच्यांच्या बोकांडी, त्यामुळे अभिनंदनाऐवजी वडिलांचं खरमरीत पत्र आलं. त्याआधीची प्राथमिक परीक्षा मात्र ते हॅरोतूनच पहिल्या झटक्यात पास झाले होते. कुठल्यातरी देशाचा नकाशा येणार हे ठाऊक होतं. आदल्या रात्री त्यांनी देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून एक उचलली, न्यूझीलंड निघाला, तोच पाठ केला. दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न: न्यूझीलंडचा नकाशा काढा.

३. एका वाक्याचं भाषण

प्रेरणादायी वक्त्यांचं हे लाडकं उदाहरण. भाषण झालं २९ ऑक्टोबर १९४१ला, हॅरोतच, पण ते पुरेसं लांब होतं. 'हार मानू नका' हे त्यातलं एक वाक्य, आणि त्यालाही अट जोडलेली: प्रतिष्ठा आणि शहाणपण सांगेल तिथे माना. फॉरवर्डमध्ये नेमकी अट गळते. शाळेच्या गाण्यात त्यांच्या सन्मानार्थ एक कडवं वाढवलं होतं. त्यातले 'काळोखे दिवस' बदलून 'खडतर दिवस' करा, असंही त्यांनी त्याच भाषणात सुचवलं होतं.

४. शाळेने सात पंतप्रधान घडवले

आकडा बरोबर आहे: पर्सिव्हल, गोडरिच, पील, अ‍ॅबरडीन, पामर्स्टन, बाल्डविन, चर्चिल. (ईटन या तशाच दुसऱ्या शाळेचे वीस आहेत.) आक्षेप 'घडवले' या क्रियापदाला आहे. अ‍ॅबरडीन आणि पामर्स्टन दोघांनाही सतराव्या वर्षी सरदारकी वारशाने मिळाली. पीलचे वडील गडगंज गिरणीमालक आणि खासदार. गोडरिच पाच महिनेसुद्धा टिकले नाहीत, पंतप्रधान म्हणून संसदेला सामोरेही गेले नाहीत. ज्या घरांतून मंत्री निघत, त्याच घरांतली मुलं या शाळेत जात. श्रेय मास्तरांना किती द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मराठी वाचकाने 'मानकऱ्यां'च्या यादीत आणखी दोन नावं घालावीत, मजकूर ती विसरला आहे. १८१८मध्ये पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज (वॉरन नव्हे), आणि १८४८मध्ये सातारा व १८५४मध्ये नागपूर खालसा करणारा डलहौसी. दोघंही हॅरोचे.

५. पहिल्यापासून राजेरजवाड्यांची शाळा

१५७२मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीची सनद मिळाली ती जॉन लायन नावाच्या स्थानिक शेतकऱ्याला, गावातल्या मुलांना मोफत शिकवण्यासाठी. नियमात एक फट होती: मास्तरांना बाहेरगावची मुलं फी घेऊन ठेवता येत. त्या फटीतून श्रीमंत आले आणि गावची मुलं कोपऱ्यात गेली. शेवटी १८७६मध्ये स्थानिक मुलांसाठी वेगळी शाळा काढावी लागली.

यादीतला कादंबरीकार अँथनी ट्रॉलप अशाच गावच्या मुलांतला, घरून चालत येणारा. चिखलाच्या वाटा तुडवत तो शाळेत पोचायचा. एकदा हेडमास्तरांनीच त्याला रस्त्यात अडवून विचारलं, असल्या घाणेरड्या पोराने हॅरोचं नाव बदनाम करावं, हे शक्य तरी आहे का? मजकुरात आता तो 'मानकरी' आहे.