हस्तिदंती, पण किती चकचकीत?

घराला रंग कोणता द्यायचा, यावर आमच्याकडे भांडण झालं नाही. हिने शेडकार्डातल्या हस्तिदंतीवर बोट ठेवलं, मी "वा" म्हटलं, विषय मिटला. दिवाळीच्या आत काम उरकणार म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात पेंटरने विचारलं, "फिनिश कुठलं, साहेब? मॅट, सॅटिन, का ग्लॉस?"

आमच्या लहानपणी रंगाच्या दोनच जाती होत्या. भिंतीला डिस्टेंपर आणि दारं-खिडक्यांना ऑइलपेंट. त्याच्याही आधी चुना होता. त्याला पाठ टेकली की निम्मी भिंत शर्टाला लागून शाळेत यायची. आता मॅट म्हणजे बिनचमकेचा, ग्लॉस म्हणजे चकचकीत आणि सॅटिन म्हणजे मधला; भिंतीला चकाकी किती, हे खोलीगणिक ठरवावं लागतं.

चिरंजीवांना हॉलमध्ये ग्लॉस हवा होता, म्हणजे फोटो भारी येतात. पेंटर काही बोलला नाही. त्याने मोबाइलचा टॉर्च लावला, भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि दिवा बंद केला. बिल्डरने गिलावा केला होता की नांगरट, असा प्रश्न पडावा असे उंचवटे आणि खळगे सावल्यांसकट उभे राहिले. "ग्लॉस मारला की दिवसाढवळ्या हे असंच दिसणार," तो म्हणाला. "नाहीतर अख्ख्या हॉलला लांबी, म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायची, परत भरायची." त्याने मजुरी सांगितल्यावर मॅट मला एकदम अभिरुचीसंपन्न वाटायला लागला. मॅटवर उजेड विखुरतो, त्यामुळे भिंतीचे दोष झाकले जातात. शिवाय पुढेमागे टचअप केलं तरी ठिगळ फारसं उठून दिसत नाही.

फक्त आमच्या हॉलमध्ये अण्णा बसतात.

दिवाणावर, भिंतीला डोकं टेकून. डोक्याला रोज सकाळी खोबरेल. त्या जागी बशीएवढा तपकिरी डाग असून त्याला वरच्या बाजूने अण्णांच्या टकलाची नेमकी गोलाई आहे. मॅटवर असा डाग ओल्या फडक्याने घासला, तर डाग अर्धाच जातो आणि घासलेली जागा तेवढी चमकायला लागते. म्हणजे डाग गेला तरी पत्ता राहतो. "तेवढ्या भिंतीला सॅटिन देऊ, पुसता येतं," पेंटर म्हणाला. पण तोच रंग सॅटिनमध्ये अंमळ गडद दिसतो, हे कळल्यावर हिने अण्णांनाच खुर्चीत बसवायचा प्रस्ताव मांडला. अण्णा म्हणाले, "सूनबाई, भिंत माझ्या पेन्शनीतून रंगवा, पण मला हलवू नका." सॅटिन मंजूर झालं.

स्वयंपाकघराला सेमी-ग्लॉस. तिथे चर्चेला वावच नव्हता. फोडणी उडते, हळदीचे हात लागतात, साबणाच्या पाण्याने पुसता आलंच पाहिजे. छताला पांढरा मॅट. छताचं बरं असतं, त्याला कोणी टेकत नाही. अपवाद बाथरूमच्या छताचा. आमचे चिरंजीव अंघोळीला गेले की आत धुकं पडतं, आणि पावसाळ्यात त्या छतावर काळे ठिपके उगवतात. तिथे बुरशीला दाद न देणारा रंग घ्यायचा ठरला. खिडक्यांच्या ग्रिलना रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, आणि वर इनॅमल. माळ्याच्या दाराला मात्र पांढरा ऑइलपेंट नको, असं मीच बजावलं. अंधाऱ्या जागी तो पिवळा पडतो. एवढं ज्ञान दाखवल्यावर पेंटर मला "साहेब"ऐवजी "काका" म्हणायला लागला. ही बढती होती का, ते कळलं नाही.

काम संपलं. मॅट कुठे थांबतो आणि सॅटिन कुठे सुरू होतो, ते मी तिरक्या उजेडात सगळ्यांना दाखवत होतो. संध्याकाळी शेजारचे काका आले, हॉलभर नजर फिरवली, अण्णांची सॅटिनची भिंत मोकळी सोडून बरोबर मॅटच्या भिंतीला टेकले आणि म्हणाले,

"प्रायमर झकास बसलाय हो. रंग कधी लावणार?"