४३–८ ने हरूनही सामना कसा जिंकावा

आपला संघ पस्तीस गुणांनी हरला की साधा माणूस टीव्ही बंद करून झोपतो. तुम्ही साधे नाही; तुम्ही आकडेवारी वाचता. अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक व्यावसायिक सामन्यानंतर जो तक्ता निघतो त्यात इतके रकाने असतात, की धुव्वा उडालेला संघही दोन-चार ठिकाणी पुढे सापडतोच. ती ठिकाणं हेरायची, मोठ्या आवाजात वाचायची आणि उरलेल्या कागदावर चहाचा कप ठेवायचा. ‘पडलो तरी नाक वर’ या आपल्या जुन्या विद्येला इथे दशांश चिन्हाची जोड मिळते.

सरावाला सामना घ्या तो २ फेब्रुवारी २०१४ चा, न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवरचा. अठ्ठेचाळिसावा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना: सिॲटल सीहॉक्स ४३, डेन्व्हर ब्रॉन्कोज ८. तुम्ही डेन्व्हरवाले. (भारतात बसून, सोमवारी पहाटे पाचला गजर लावून तो पाहिला असेल, तर वाद घालण्याचा तुमचा हक्क दुप्पट.) त्या मोसमात तुमच्या संघानं १६ सामन्यांत ६०६ गुणांचा विक्रम केला होता. तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा म्होरक्या, पेटन मॅनिंग ५५ टचडाऊन पास (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, पोचला की टचडाऊन, ६ गुण) आणि ५,४७७ यार्ड, असे दोन विक्रम घेऊन आला होता. हे सगळं आधीच सांगून टाका. ‘एका रात्रीवरून काय ठरतं?’ हे वाक्य त्याशिवाय उभं राहत नाही. सिॲटलनं त्याच मोसमात लीगमध्ये सर्वांत कमी, म्हणजे २३१ गुण दिले होते, हे तुम्हाला आठवायचं कारण नाही.

आता तक्ता उघडा, पण वरून नाही. वर स्कोअर असतो. थेट एकूण यार्डांवर या: सिॲटल ३४१, डेन्व्हर ३०६. फरक ३५ यार्डांचा. गुणांतला फरकही ३५. म्हणजे यार्डामागे एक गुण असा हा भाव पडला, आणि इतका चढा भाव लावणाऱ्याला आपण खेळाडू म्हणत नाही, व्यापारी म्हणतो. मग फर्स्ट डाऊन, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्डांचा टप्पा गाठणं: डेन्व्हर १८, सिॲटल १७. इथे तुम्ही चक्क जिंकलात. डेन्व्हरचा पहिला फर्स्ट डाऊन १५–० झाल्यावर, दुसऱ्या क्वार्टरमध्ये आला. पण तक्त्यात फर्स्ट डाऊनची फक्त संख्या असते, वेळ नसते. तक्ता बनवणारे भले लोक आहेत.

समोरचा जाणकार निघाला तर विचारेल, मग गुण आले कुठून? याची तयारी हवी. सामन्याचा पहिलाच चेंडू: गोंगाटात मॅनिंग इशारा बदलायला पुढे सरकत होता, तेवढ्यात सेंटरनं स्नॅप केला, म्हणजे खेळ सुरू करायला चेंडू मागे फेकला, आणि चेंडू मॅनिंगच्या डोक्याजवळून थेट मागच्या एंड झोनमध्ये. डेन्व्हरच्याच खेळाडूनं त्यावर झडप घातली. आपल्याच एंड झोनमध्ये असं अडकणं म्हणजे सेफ्टी, सिॲटलला २ गुण, वेळ १२ सेकंद. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सिॲटलच्या माल्कम स्मिथनं मॅनिंगचा पास मधेच पकडला आणि ६९ यार्ड पळत टचडाऊन. दुसरा हाफ सुरू होताच त्यांच्याच पर्सी हार्विननं डेन्व्हरचा किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना लाथाडलेला चेंडू, झेलला आणि ८७ यार्ड. टचडाऊन, वेळ पुन्हा १२ सेकंद. जादा गुण धरून २ अधिक ७ अधिक ७, झाले १६. यातला एक यार्डही त्या ३४१ मध्ये नाही, कारण तिथे फक्त आक्रमक फळीनं स्नॅपनंतर धावून किंवा पास देऊन कमावलेले यार्ड धरतात. ८७ एका खान्यात, ६९ दुसऱ्याच. तेव्हा तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, ‘खऱ्या आक्रमणातून त्यांचे गुण २७च.’ पुढचं वाक्य, की २७ देखील आठापेक्षा जास्त असतात, ते त्यांना म्हणू दे.

याच व्यवस्थेचा एक लाभांश हरणाऱ्याला मिळतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. समोरच्यानं तुमचा पास पळवून किंवा तुमचा किकऑफ परतवून टचडाऊन केला, की त्यानंतर चेंडू पुन्हा तुमच्याच आक्रमणाच्या हाती येतो. जितका मार जास्त, तितकी फलंदाजी जास्त. डेन्व्हरच्या खेळी, म्हणजे एकेका स्नॅपवरचे प्रयत्न, ६४ भरल्या (४९ पास, १४ धावा, १ सॅक, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाणं), सिॲटलच्या ५४. दहा खेळी जास्त, म्हणजे ‘वर्चस्व’ हा शब्द वापरायला हरकत नाही. यार्डांना खेळींनी भागू मात्र नका. सिॲटलचे ६.३ येतात आणि तुमचे ४.८.

विक्रमांकडे वळा. मॅनिंगचे ३४ पूर्ण, म्हणजे झेलले गेलेले, पास आणि त्याच्याच संघातल्या डिमेरियस थॉमसचे १३ झेल, दोन्ही त्या दिवशी सुपर बोलचे विक्रम ठरले. पुढे २०१५ मध्ये टॉम ब्रेडीनं ३७ पूर्ण केले, २०१७ मध्ये जेम्स व्हाइटनं १४ झेल घेतले. म्हणून ‘त्या वेळचा’ हा शब्द जरा पुटपुटत उच्चारा. असे विक्रम पराभूताच्या पदरात का पडतात, ते सोपं आहे. धावणारा मैदानातच अडवला गेला तर घड्याळ चालू राहतं, अपूर्ण पासावर ते थांबतं. मागे पडलेला संघ म्हणून पास देत सुटतो. पुढे असलेला संघ खोलवरचे पास बंद करतो आणि पुढ्यातले आखूड पास खुशाल देतो, फक्त झेल घेतल्याबरोबर माणसाला पाडतो. थॉमसचे १३ झेल ११८ यार्डांचे, सरासरी ९.१, ती यामुळे. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर ३३५ चा पाठलाग करताना गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या होत्या. सरासरीच्या रकान्यात ती खेळी आजही निष्कलंक आहे. रकान्यांचा धर्मच तसा.

थॉमसच्या झेलांपैकी एक चांगला वीसहून जास्त यार्डांचा होता. त्याच झेलाच्या शेवटी बायरन मॅक्सवेलनं ठोसा मारून चेंडू सोडवला आणि तो सिॲटलकडे गेला. यार्ड मात्र थॉमसच्याच खात्यात राहिले. चेंडू गेला, मजुरी मिळाली. त्याचा टचडाऊन तिसऱ्या क्वार्टरच्या अगदी शेवटच्या खेळीवर, स्कोअर ३६–० असताना आला. याला कुणी वरातीमागून घोडं म्हणेल. म्हणू दे, घोडं तक्त्यात आहे, वरात नाही.

आता भागाकार. ही खरी कला. सिॲटलच्या क्वार्टरबॅकनं, विल्सननं, २५ पासांत २०६ यार्ड काढले: दर पासामागे ८.२४. मॅनिंगनं ४९ पासांत २८०: ५.७१. वाईट दिसतं ना? मग ४९ ने भागताच कशाला? पूर्ण झालेल्या ३४ पासांनी भागा. २८० भागिले ३४ बरोबर ८.२४. दोन्ही क्वार्टरबॅक दुसऱ्या दशांशापर्यंत सारखे! खाली काय घेतलंत हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर तोवर चहा आलेला असतो. (विल्सनलाही तोच न्याय लावला तर ११.४ येतात. लावू नका.)

पासर रेटिंगचं, म्हणजे पास फेकणाऱ्याला एका आकड्यात तोलण्याचं, सूत्र पाठ असलं की समोरचा निम्मा गारद होतो, म्हणून ते एकदा हातानं सोडवाच. पूर्ण पासांचं प्रमाण ०.६९४, त्यातून ०.३ वजा, गुणिले ५: १.९७. दर पासामागचे यार्ड ५.७१, वजा ३, गुणिले ०.२५: ०.६८. टचडाऊनचं प्रमाण, एकोणपन्नासांत एक, गुणिले २०: ०.४१. चौथा भाग म्हणजे २.३७५ मधून इंटरसेप्शनच्या, म्हणजे समोरच्यानं पळवलेल्या पासांच्या, प्रमाणाची पंचवीसपट वजा: १.३५. बेरीज ४.४१, भागिले ६, गुणिले १००: ७३.५. विल्सनचे याच रीतीनं १२३.१. कुठलाही भाग शून्याखाली किंवा २.३७५ च्या वर जाऊ देत नाहीत; म्हणून कमाल रेटिंग १५८.३ असं विचित्र येतं. इंटरसेप्शन नसेल तर चौथ्या भागाचे पूर्ण गुण आपोआप मिळतात. म्हणजे मॅनिंगनं ४९ च्या ४९ पास स्वतःच्या पायाशी आपटले असते तरी सूत्रानं ३९.६ दिले असते. आपल्याकडे दहावीला पस्तीसला पास करतात.

७३.५ ला रंगरंगोटी हवीच. ४९ पासांच्या सामन्यात एक इंटरसेप्शन ८.५ कापतो, मग तो पास टचडाऊनसाठी परतवला जावो की जागच्या जागी मरो. सूत्राला त्याचं सोयरसुतक नाही. त्या ६९ यार्डवाल्या पासाच्या वेळी क्लिफ एव्हरिलचा धक्का मॅनिंगच्या हातालाच बसला आणि चेंडू लटपटत हवेत गेला. तो मॅनिंगचा दोष कसा? कॅम चान्सलरनं पळवलेला पहिला पास, तो तर गोंगाटाच्या रात्री कुणाच्याही हातून झाला असता. दोन्ही ‘अपूर्ण’ धरा: ९०.५. शिवाय सिॲटलच्या खात्यात रात्रभरात सॅक एकच. यावरून ‘त्यांच्या पास रशनं, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून जाणाऱ्यांनी, काहीच केलं नाही’ असं छातीठोक सांगता येतं, कारण हाताला बसलेल्या धक्क्यासाठी सॅकच्या रकान्यात जागा नाही.

चेंडू घेऊन धावणाऱ्या त्यांच्या मार्शॉन लिंचला तुम्ही रोखलंत: १५ धावांत ३९ यार्ड, म्हणजे २.६ प्रत्येकी. हार्विनचे दोन धावांत ४५ यार्ड तिथेच जवळ छापलेले असतात, बोटाखाली झाका. दंड सिॲटलला १० वेळा, १०४ यार्ड. तुम्हाला ५ वेळा, ४४. सभ्यतेत जिंकलात. सामनावीर ठरला माल्कम स्मिथ, म्हणजे बचावातला लाइनबॅकर; अर्थात त्यांच्या आक्रमणात पुरस्कार देण्याजोगा कुणी नव्हता.

एका ओळीपासून दूर राहा: टर्नओव्हर, म्हणजे समोरच्याला गमावलेले चेंडू, डेन्व्हर ४, सिॲटल ०. हिला उत्तर नाही. कुणी वाचलीच तर चारचा आकडा निमूट मान्य करा, कारण खरा आकडा त्याहून वाईट आहे. पहिला हाफ संपत आला असताना डेन्व्हर सिॲटलच्या १९ यार्डांवर होता, चौथ्या प्रयत्नात २ यार्ड हवे होते, पास अपूर्ण राहिला आणि चेंडू सोडावा लागला. चौथ्या प्रयत्नात असा गेलेला चेंडू टर्नओव्हरच्या रकान्यात धरत नाहीत. चारवर मिटतंय तर मिटवा.

एवढं पचनी पडलं की एक धोका सांभाळा. दोनच वर्षांनी, ७ फेब्रुवारी २०१६ ला, हाच डेन्व्हर सांता क्लारात पन्नासावा सुपर बोल कॅरोलायना पँथर्सविरुद्ध २४–१० असा जिंकला. मॅनिंगचे २३ पैकी १३ पास, १४१ यार्ड, टचडाऊन एकही नाही, इंटरसेप्शन एक, रेटिंग ५६.६. अख्ख्या संघाचे यार्ड १९४, पँथर्सचे ३१५. तुम्ही आतापर्यंत शिकलेल्या प्रत्येक नियमानं तो सामना डेन्व्हर हरला. त्या दिवसापुरता तक्ता बंद ठेवा आणि ‘शेवटी स्कोअर बोलतो’ म्हणा. पँथर्सवाले तुमच्याकडे हाच लेख घेऊन येतील. त्यांना ओळख दाखवू नका.

आणि २४ सप्टेंबर २०२३. मायामी डॉल्फिन्स ७०, डेन्व्हर २०. मायामीचे ७२६ यार्ड, पाच टचडाऊन धावून, पाच पासावर. इथे भागाकार चालत नाही, छेद कुठलाही घ्या. पण मायामीनं अखेरीस आवाक्यातला फील्ड गोल (खांबांमधून लाथाडलेला चेंडू, ३ गुण) मारला नाही, घड्याळ संपू दिलं. मारला असता तर ७३ झाले असते: वॉशिंग्टनचा १९६६ चा साखळी सामन्यांतला ७२ चा विक्रम मोडला असता आणि शिकागोनं १९४० च्या अंतिम सामन्यात केलेल्या ७३ ची बरोबरी झाली असती. तेव्हा मान ताठ ठेवून सांगायचं, की आम्ही विक्रम होऊ दिला नाही.