‘आधी विकास, मग पर्यावरण’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच

सध्या ग्रुपाग्रुपावर एक मेसेज फिरतोय. पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, इंग्लंड-अमेरिकेनं आधी कारखाने काढले, श्रीमंत झाले आणि मग हवा-पाणी साफ केलं, आपणही तेच करू, झाडं काय नंतरही लावता येतील, उरलंसुरलं टेक्नॉलॉजी बघून घेईल, आणि हे पर्यावरणवाले पर्याय तर देतच नाहीत. चला, एकेक घेऊ.

श्रीमंती आली की आपोआप सुधारतं म्हणे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं, सुरुवातीचा सरकारी आकडाच ४,००० मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासात तो १२,००० पर्यंत गेला. लंडन तेव्हा गरीब होतं का? हवा सुधारली ती १९५६ चा कायदा करून घराघरातल्या कोळशावर बंधनं आणली तेव्हा. अमेरिकेत कायाहोगा नदीला १९६९ मध्ये आग लागली (हो, नदीलाच, पाण्यावर तेल तरंगत होतं), लोक भडकले आणि १९७२ मध्ये पाण्याचा कडक कायदा आला. आणि जो धूर आपल्या नाकात जात नाही त्याचं काय? आजही सरासरी अमेरिकन माणूस सरासरी भारतीयाच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड सोडतो, श्रीमंती आहे की भरपूर.

आता ते ‘चोचले’. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात लोटे-परशुरामला केमिकलची एमआयडीसी आहे, आणि तिथल्या सांडपाण्यानं दाभोळ खाडीतले मासे मरतात ही तक्रार करणारे लोक कोण, तर खाडीवर जगणारे मच्छीमार, पुण्या-मुंबईतले निसर्गप्रेमी नव्हेत. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ हा हिशोब कायम मांडायचे: कारखान्यांत अकराएक हजार लोकांना काम मिळालं आणि खाडीत वीसेक हजारांचं गेलं. आकड्यांवर वाद घाला हवा तर, पण मेसेजमध्ये पहिलाच आकडा असतो, दुसऱ्याची आठवणच कुणाला नाही. कारण कारखान्यातला पगार कागदावर येतो आणि घरी खाल्लेला मासा वहीत नीट धरला जात नाही, तो बंद झाला तरी जिल्ह्याचं उत्पन्न वाढलेलंच दिसतं. फायदा एकाला, घाण दुसऱ्याच्या पाण्यात, आणि वरून त्यालाच विकासविरोधी म्हणायचं, कमाल आहे राव.

जीडीपीचंही, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या आकड्याचंही, तेच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. विहिरी-बोअर आटले त्याची वजाबाकी जीडीपीत कुठेच नाही, पण टँकरवाल्याचं बिल, नव्या बोअरचा खर्च, सगळं बेरजेत. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकन संसदेला सांगितलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय का हे कळत नाही.

झाडं नंतर लावू? लावा, पण अकेशियाच्या रांगा म्हणजे जंगल नव्हे, आणि दगडात मुरायला वर्षानुवर्षं लागलेलं पाणी उपसलं तर ते कुठल्या नर्सरीत मिळतं?

टेक्नॉलॉजीवर माझा राग नाही, ठिबक चांगलंच आहे. पण ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला तर वाचलं काय? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाबद्दल हे लिहून ठेवलंय, इंजिन कमी कोळशात चालायला लागलं की कोळसा जास्तच खपतो. म्हणजे वापरावर मर्यादा आधी ठरवावी लागते, मशीन ती ठरवत नाही.

शेवटचा मुद्दा, पर्याय देत नाहीत. त्याच माधव गाडगीळांच्या समितीचा २०११ चा पश्चिम घाटाचा अहवाल उघडून तरी बघा. जास्त संवेदनशील भागांत जास्त प्रदूषण करणारे नवे कारखाने नकोत, असलेल्यांनी २०१६ पर्यंत प्रदूषण शून्यावर आणावं, कमी प्रदूषणाच्या उद्योगांना वाव द्यावा, आणि निर्णयात ग्रामसभांना बसवावं, इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१६ उलटून किती वर्षं झाली ते मेसेज पाठवणाऱ्यांनीच मोजावं.