फोकस काडीवर, पक्षी मागे कुठेतरी

भिगवणच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) टिपणारा आणि बोरीच्या जाळीत शिंपी पक्षी टिपणारा, दोघांनाही लोक ‘बर्ड फोटोग्राफर’ म्हणतात, हा दुसऱ्यावर सरळ अन्याय आहे. रोहिताच्या पुढे पाणी, मागे पाणी, पाय लांब, मान लांब, वागणं संथ. कॅमेऱ्यात कोणताही मोड लावा, फोकस पक्ष्यावरच बसतो, कारण बसायला तिथे दुसरं काही नसतं. शिंपी हा बारा-तेरा सेंटिमीटरचा जीव. त्याच्या पुढे सात काड्या, मागे नऊ, आणि एका काडीवर तो सलग दोन सेकंद टिकला तर त्याची तब्येत बरी नाही असं समजावं. नेमक्या त्या दोन सेकंदांत कॅमेरा आपल्याला प्रश्नपत्रिका देतो, फोकस चौकटीच्या केवढ्या भागात शोधायचा: पिनपॉइंट, सिंगल पॉइंट, डायनॅमिक, झोन, वाइड, थ्रीडी ट्रॅकिंग की ऑटो? उत्तर शोधेपर्यंत शिंपी शेजारच्या सोसायटीत.

आधी हिशेब मांडू, म्हणजे दोष कोणाला द्यायचा ते कळेल. फुल-फ्रेम कॅमेरा, ६०० मिमी लेन्स, छिद्र एफ ६.३, पक्षी १० मीटरवर. धारदार दिसणाऱ्या पट्ट्याची खोली भरते जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे पाच पुढे आणि पाच मागे. पक्ष्याच्या वीतभर पुढची काडी फोकसमध्ये आली, की तिच्या सालीवरच्या मुंग्या मोजता येतात आणि मागचा पक्षी चहाच्या वाफेसारखा दिसतो. बरं, काडीच का निवडायची? कारण ऑटोफोकसला पक्षी-बिक्षी काही कळत नाही, त्याला कडा कळतात. उजेडासमोरची काळी काडी म्हणजे ठळक, सरळ कड. पोटावरची मऊ, फिकट पिसं म्हणजे जवळजवळ कोरा कागद. त्यात मोठ्या क्षेत्राचे मोड बहुतेक वेळा जवळच्या वस्तूला मान देतात. पंगतीत वाढपी पहिल्याच पानावर जिलेबीचं अख्खं ताट रिकामं करतो, तसं ऑटो-एरिया, म्हणजे प्रश्नपत्रिकेतला ‘ऑटो’, पहिल्याच काडीवर सगळा फोकस वाढून मोकळं होतं.

म्हणून फांद्यांत ऑटो-एरिया नको. झोन आणि वाइड हे त्याचेच धाकटे भाऊ. पळसावर किंवा पांगाऱ्यावर पानं झडून फुलं आली असतील आणि पक्षी शेंड्यावर असेल तेव्हाच त्यांना बोलवावं. जुन्या, आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांमधला ग्रुप-एरिया उडत्या घारीसाठी उत्तम, पण चार-पाच बिंदूंपैकी जो सगळ्यात जवळचं पकडेल त्याचं ऐकतो. जाळीत सगळ्यात जवळचं काय असतं, ते वर आलंच आहे. डायनॅमिक जरा सभ्य आहे: तुम्ही निवडलेला बिंदू मुख्य, तो सुटला तरच शेजारच्यांची मदत घेणार. त्यातला सर्वांत लहान आकार चालून जातो.

माझं मत विचाराल तर फांद्यांत राजा एकच, सिंगल पॉइंट, म्हणजे आपण निवडलेला एकच बिंदू, आणि तोही कॅमेऱ्यात असेल तितका लहान. फोकस मोड मात्र सतत चालणारा, म्हणजे एएफ-सी, कॅननवाल्यांचा सर्वो. पक्षी गप्प बसला तरी फांदी वाऱ्याने हलते आणि दहा सेंटिमीटरच्या हिशेबात एक झुळूक पुरते. ढोलीत दुपारी पेंगणारा पिंगळा असेल तर सिंगल एएफ, म्हणजे एकदा फोकस बसवून थांबणारा मोड, चालेल. पिंगळा बिचारा सर्वांनाच चालवून घेतो. लहान बिंदूच्या लोभाने निकॉन झेडमधल्या पिनपॉइंटकडे जाऊ नका. तो फक्त सिंगल एएफमध्ये चालतो आणि इतका सावकाश, की त्याने होकार देईपर्यंत पक्ष्याने घरटं बांधून घ्यावं. डीएसएलआरवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: व्ह्यूफाइंडरच्या खिडकीत दिसणाऱ्या चौकोनापेक्षा खरा सेन्सर बऱ्याचदा थोडा मोठा असतो. चौकोन पक्ष्यावर, आणि त्याचा अदृश्य कोपरा काडीवर.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो की! शोधतो. २०२०ला कॅनन आर५ आला, २०२१ला सोनी अल्फा १, आणि निकॉन झेड८ला २०२४च्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) पक्ष्यांसाठी वेगळा पर्यायच मिळाला. मोकळ्या फांदीवरच्या वेड्या राघूवर ही जादू खरोखर चालते. घाणेरीच्या गचपणात मात्र कॅमेऱ्याला प्रत्येक पिकलं फळ डोळा वाटतं, पानातलं किड्याने पाडलेलं भोकही डोळा वाटतं. काळ्या पिसांत काळा डोळा असलेला नर शिंजीर समोर असेल, तर डोळा दाखवणारा चौकोन हतबल होऊन शेपटीपाशी घुटमळतो. तरीही डोळ्याची ही ओळख बंद करू नका. तिला मोकाट न सोडता लहान बिंदूच्या ताब्यात द्या. कसं, ते सांगतो.

फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्या. या बटणाला सिंगल पॉइंट. शेजारी एखादं बटण मोकळं असेल, बहुतेक कॅमेऱ्यांत असतं, त्याला पूर्ण क्षेत्र आणि पक्ष्याचा डोळा. जंगलात क्रम असा: लहान बिंदू पक्ष्याच्या अंगावर ठेवून पहिलं बटण दाबा. पक्षी स्पष्ट व्हायला लागला, की अंगठा दुसऱ्या बटणावर. आता लेन्स आधीच बरोबर अंतरावर असते, पुढच्या काड्या विरघळलेल्या असतात आणि कॅमेऱ्याला डोळ्यासारखी दिसणारी गोष्ट एकच उरते. उलट क्रमाने गेलात तर डोळा सापडेल, पण बोराचा. ही सवय घरच्या बाल्कनीत बुलबुलावर करावी. कर्नाळ्याच्या जंगलात समोर कर्णा पक्षी बसलेला असताना अंगठ्याला वळण लावायला जाऊ नये.

मग येतं ‘लॉक-ऑन’, म्हणजे मध्ये काही आलं तर फोकसने किती वेळ दम धरायचा ते. इथे कंपन्यांनी आपली परीक्षाच पाहिली आहे. निकॉनमध्ये ५ म्हणजे सगळ्यात जास्त धीर आणि १ म्हणजे उतावीळ. सोनीत १ म्हणजे चिकटून राहणार आणि ५ म्हणजे लगेच पळणार. घरात दोन कंपन्यांचे कॅमेरे असतील तर हा आकडा एकमेकांना फोनवर सांगू नये. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ‘केस २’ हा अडथळ्यांकडे दुर्लक्ष करणारा पर्याय आहे. धीर वाढवण्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्याची दुसरी बाजू क्वचित सांगतात: फोकस पहिल्यांदाच काडीवर बसला, तर तितक्याच धीराने काडीला धरून बसतो. अशा वेळी बटण दाबून वाट पाहण्यात अर्थ नाही. अंगठा उचला, बिंदू सरकवा, पुन्हा दाबा. दर वेळी शोध नव्याने सुरू होतो.

काडीपेक्षाही मोठी पीडा म्हणजे मागची पार्श्वभूमी, आणि ती मिररलेसवाल्यांच्या, म्हणजे बिनआरशाचे नवे कॅमेरे वापरणाऱ्यांच्या, वाट्याला जास्त. पक्षी आठ मीटरवर, मागे पन्नास मीटरवर डोंगरउतार. फोकस एकदा उतारावर गेला, की समोरचा हळद्या इतका पुसट होतो की कॅमेऱ्याच्या लेखी तो तिथे नसतोच. पकडायला कडच उरत नाही. तुम्ही बटण दाबता, चौकोन हिरवा होतो आणि कॅमेरा उतारावरचं गवत अभिमानाने दाखवतो. मेनूतला कुठलाही पर्याय इथे कामाचा नाही. दोन उपाय आहेत. एक, पक्ष्याच्याच अंतरावरचं काहीतरी ठळक, बुंधा किंवा दगड, त्यावर फोकस करून मग बिंदू पक्ष्यावर आणायचा. दोन, बटण सोडून लेन्सची फोकस रिंग हाताने जवळच्या बाजूला फिरवायची, पक्षी ओळखू आला की पुन्हा बटण. काही मिररलेस कॅमेऱ्यांत ऑटोफोकस चालू असताना रिंग फिरवायची सोय मेनूत बंद असते, ती निघायच्या आदल्या रात्री शोधून ठेवावी. रिंग फिरवताना पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, लावण्याचा मोह होतो. लावलंत तर अख्खी बाभूळ लाल रंगात न्हाऊन निघते आणि पक्षी तेवढा कोरडा राहतो.

लेन्सच्या अंगावर अंतराची मर्यादा घालणारा खटका असतो. ‘दहा मीटर ते अनंत’ ठेवला तर लेन्सची निम्मी भटकंती वाचते. फक्त नऊ मीटरवर नाचण आला, की लेन्स बिघडली म्हणून तिला बोल लावण्याआधी खटका पाहावा.

आणि बांबू. बऱ्याच मिररलेस सेन्सरवरचे फोकस-पिक्सेल डावी-उजवी प्रतिमा ताडून बघतात, त्यामुळे त्यांना उभ्या रेषा झटकन दिसतात आणि आडव्या जवळजवळ दिसतच नाहीत. बांबूच्या बेटात तर सगळं उभंच. आणि मागे बसलेल्या शिक्र्याच्या छातीवरच्या रेघा आडव्या. कॅमेऱ्याने काय पकडावं अशी अपेक्षा आहे? कॅमेरा वीस-तीस अंश तिरका करून फोकस करावा, मग सरळ करून शटर दाबावं. ओएम-१ (२०२२) आणि कॅनन आर१ (२०२४) यांच्या सेन्सरवर दोन्ही दिशांची सोय आहे, त्यांना मान तिरकी करावी लागत नाही. त्यातल्या दुसऱ्याची किंमत ऐकून आपली होते.

एवढं करूनही डोळ्यावर काडी आडवी आलीच, तर मोड बदलत बसू नका, पाय बदला. पुढची काडी पक्ष्यापेक्षा खूप जवळ असते, म्हणून अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तरी ती चौकटीत बरीच हलते आणि पानांतून खिडकी मिळते. नाही मिळाली, तर निघालेल्या फोटोला ‘रेकॉर्ड शॉट’, म्हणजे पक्षी दिसल्याचा नुसता पुरावा, म्हणायची आपल्या जमातीत सोय आहेच.

पक्षी उडून गेल्यावर रिकाम्या काडीवर फोकस पहिल्या झटक्यात आणि कमालीचा अचूक बसतो. चिडून बटण पुन्हा दाबू नका. फोकस मागच्या बटणावर घेतला असेल तर अंगठा उचलला की तो तिथेच थांबतो, शटर त्याला हलवत नाही. कोतवाल, वेडा राघू हे माशी टिपून बऱ्याचदा त्याच काडीवर परततात. परतला की फक्त शटर दाबायचं. शिंपी असेल तर पुढच्या झुडपाकडे चला.